आकृतीत न दिसणारं सर्किट

दहा वर्षं बिनबोभाट चाललेला बोर्ड एके दिवशी दगा देऊ लागतो. कंट्रोलर तोच, प्रोग्राम तोच, क्लॉकही तोच, 10 मेगाहर्ट्झचा. बदल झालेला असतो एवढाच, की जुना साठा संपला म्हणून खरेदी विभागाने नव्या लॉटमधल्या चिप्स मागवल्या. नंबर तोच, पायांची मांडणी तीच, डेटाशीटही जवळपास शब्दशः तीच. पण नव्या मालातले बोर्ड दिवसातून दोन-चारदा हँग होतात. सर्किट डायग्राम टेबलावर पसरून चार मुरलेली माणसं तासन् तास बोट फिरवत बसतात आणि चूक काही सापडत नाही. सापडणार कुठून? चूक त्या आकृतीत नाहीच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात हा प्रकार वारंवार घडतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. चिप बनवणारी कंपनी मधल्या काळात जास्त बारीक प्रोसेसवर गेलेली असते. ट्रान्झिस्टर लहान झाला की तो जलद स्विच होतो. पूर्वी आउटपुट शून्यावरून एकावर चढायला 5 नॅनोसेकंद घेत असे, आता 1 नॅनोसेकंदात चढतं. डेटाशीटमध्ये जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं; कमीत कमी किती लागेल हे बहुधा लिहिलेलंच नसतं. म्हणजे कंपनीने शब्द मोडलेला नाही. तिने दिल्या शब्दापेक्षा चांगला माल दिला, आणि बोर्ड बिघडला.

थोडा हिशेब करू. नेहमीच्या ग्लास एपॉक्सीच्या बोर्डात, आतल्या थरावर, सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण 15 सेंटीमीटर जातो; मोकळ्या जागेत प्रकाश जातो त्याच्या निम्म्याने. 5 नॅनोसेकंदांत चढणारी कड ट्रॅकवर पसरून पाहिली तर ती 75 सेंटीमीटर लांब भरेल. 1 नॅनोसेकंदाची कड 15 सेंटीमीटरच. या विषयातली हँडबुकं एक ठोकताळा देतात: ट्रॅकची लांबी कडेच्या लांबीच्या सहाव्या भागाहून कमी असेल तर ट्रॅकला साधी जोडणी समजायला हरकत नाही. सहावा भाग पहिल्या बाबतीत 12.5 सेंटीमीटर येतो, दुसऱ्या बाबतीत 2.5. बोर्डावर 10 सेंटीमीटरचा एक ट्रॅक आहे असं धरा. जुन्या चिपसाठी तो नुसती तार होता. नव्या चिपने त्याची ट्रान्समिशन लाइन करून टाकली. तांब्याचा एक कणही जागचा हलला नाही.

आता त्या लाइनवर काय होतं ते बघा. चिपचा आउटपुट रोध 10 ओम, लाइनचा इम्पिडन्स 50 ओम, पलीकडे नुसतं इनपुट, म्हणजे जवळपास उघडं टोक. 3.3 व्होल्टपैकी लाइनवर सुरुवातीला 2.75 व्होल्टची लाट निघते. उघड्या टोकाशी ती दुप्पट होते, म्हणजे पलीकडच्या चिपला 5.5 व्होल्ट दिसतात. लाट परत फिरते, 10 ओमवर आपटून उलट्या चिन्हाने माघारी येते, आणि सुटल्यापासून तिसरा नॅनोसेकंद संपता संपता पलीकडच्या टोकाचा व्होल्टेज 1.83 वर कोसळतो. 3.3 व्होल्टच्या नेहमीच्या लॉजिकमध्ये 2 व्होल्टच्या खाली ‘एक’ची खात्री देता येत नाही. हा ट्रॅक क्लॉकचा असेल तर पलीकडचा फ्लिप-फ्लॉप एका ठोक्याचे दोन मोजू शकतो. चिपच्या आतले क्लॅम्प डायोड हा धिंगाणा थोडा आवरतात, म्हणून तर बोर्ड कायमचा न मरता दिवसातून दोन-चारदाच मरतो. उपाय पैशा-दोन पैशांचा: चिपच्या पायाशी 39 ओमचा एक रेझिस्टर. मग निम्मीच लाट निघते, टोकाशी दुप्पट होऊन नेमकी 3.3 व्होल्ट होते, आणि परतलेली लाट चिपपाशी जिरून जाते.

गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी, याखेरीज यात काही नाही. तरीही हा हिशेब अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या पुष्कळांना जमत नाही, कारण तो कुठल्याच तासाला कोणी करून दाखवलेला नसतो. डिजिटलच्या तासाला शून्य आणि एक असतात, कारनॉ मॅप असतात, गेटला फार तर एक डिले असतो; तारेला काहीच नसतं. ट्रान्समिशन लाइन भेटते ती दोन सेमिस्टर सोडून, विद्युतचुंबकीय लहरींच्या पेपरात. तिथे स्मिथ चार्ट असतो, अँटेना असतो, सगळं साइन वेव्हच्या भाषेत असतं. शिकवणाराही दुसरा. दोन्ही विषयांत उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला, हे दोन्ही तिच्या पहिल्या बोर्डावर एकाच ट्रॅकमध्ये एकत्र नांदणार आहेत, याची गंधवार्ताही नसते. नोकरीत पहिला बोर्ड हँग झाला की ती वरिष्ठांकडे जाते, आणि वरिष्ठ कपाटातून एक जाड पुस्तक काढून देतात.

त्या जाड पुस्तकांविषयी मला इथे बोलायचं आहे. सर्किट डायग्राम काढताना आपण जे काढत नाही, ते या हँडबुकांत लिहिलेलं असतं: ट्रॅकची लांबी, परत येणाऱ्या करंटची वाट, चिपच्या पायाचं इंडक्टन्स, कपॅसिटरच्या दोन टोकांना लागलेलं अर्ध्या सेंटीमीटरचं तांबं. वेग कमी असतो तेव्हा या गोष्टी शून्य मानल्या तरी चालतं. वेग वाढला की शून्य मानलेलं हे दुसरं सर्किटच खरं सर्किट होऊन बसतं. हँडबुक वाचून शिकायचं ते हे, की कागदावर नसलेल्या या सर्किटातल्या प्रत्येक वस्तूला अंदाजे आकडा कसा लावायचा.

हे ज्ञान मुळात संगणकवाल्यांचं नाही. ते तारवाल्यांचं आहे. 1858 च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली गेली तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तासांच्या आसपास लागले. एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला पसरट होऊन निघत होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी त्याआधीच गणित मांडलं होतं की हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार टाकणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते पटलं नाही. सिग्नल क्षीण येतो ना, मग व्होल्टेज वाढवा, असा त्यांचा खाक्या. दोनेक हजार व्होल्ट दिल्यावर तारेने काही आठवड्यांतच राम म्हटला. सिग्नल नीट येत नाही म्हटल्यावर ड्रायव्हर आणखी दमदार घालणारे लोक आजही आहेत. त्यांची परंपरा बरीच जुनी आहे.

थॉमसन यांच्या गणितात रोध होता, कपॅसिटन्स होतं, पण इंडक्टन्स नव्हतं. ते घातलं ऑलिव्हर हेव्हिसाइड याने. लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेला, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, कानाने अधू, तारकंपनीतल्या नोकरीशिवाय कुठली नोकरी न केलेला आणि तीही चोविसाव्या वर्षी सोडलेला हा माणूस. मॅक्सवेलचा विद्युत-चुंबकत्वावरचा ग्रंथ 1873 मध्ये निघाला. हेव्हिसाइडने तो वाचनालयात पाहिला आणि पुढची कित्येक वर्षं घरी बसून स्वतःच्या स्वतः पचवला. ट्रान्समिशन लाइनची आज शिकवली जाणारी समीकरणं त्याची. तारेचं इंडक्टन्स मुद्दाम वाढवलं तर सिग्नल कमी विस्कटेल हे त्याने 1887 मध्ये दाखवलं, तेव्हा ब्रिटिश टपालखात्याचे विल्यम प्रीस यांच्या लेखी इंडक्टन्स म्हणजे निव्वळ उपद्रव होता. त्यांच्या अधिकारापुढे हेव्हिसाइडचं कोणी ऐकलं नाही. पुढे टेलिफोनच्या लाइनींवर ठरावीक अंतराने कॉइल बसवून अमेरिकेने पैसा केला. पुस्तकावरून स्वतः शिकायची टिंगल करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावं.

डिजिटल सर्किटांना या जुन्या विद्येची गरज पडली ती ईसीएल नावाच्या जलद लॉजिकमुळे. मोटोरोलाने 1960 च्या दशकात या चिप्स बाजारात आणल्या. दशक संपता संपता त्यांचा डिले एका नॅनोसेकंदापर्यंत खाली आला, आणि कंपनीपुढे नवाच प्रश्न उभा राहिला: चिप्स उत्तम होत्या, पण गिऱ्हाइकाला त्या जोडता येईनात. टीटीएल या संथ लॉजिकच्या सवयीने तारा ओढून बसवल्या की नुसतं रिंगिंग. तेव्हा विल्यम ब्लड या त्यांच्या अभियंत्याने ईसीएलसाठी एक डिझाइन हँडबुक लिहिलं आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ते स्वतःच छापलं. टर्मिनेशन कुठे घालायचं, एका लाइनवर किती इनपुट टांगता येतील, ट्विस्टेड पेअर किती लांब नेता येईल, सगळं त्यात होतं. माझ्या मते आपल्या विषयाचं पहिलं खरं पाठ्यपुस्तक ते. आणि ते विद्यापीठातून न येता माल खपवायच्या निकडीतून आलं. सीमोर क्रे यांचा क्रे-1 महासंगणक 1976 मध्ये लॉस अ‍ॅलामॉसला बसला तो ईसीएलच्याच जोरावर, 12.5 नॅनोसेकंदांच्या क्लॉकवर. इंग्रजी सी अक्षरासारखा त्याचा तो प्रसिद्ध आकार देखणेपणापेक्षा मापासाठी होता. आतल्या बाजूने तारा ओढल्या की त्या आखूड पडतात. चार फुटांहून लांब तार त्यात घ्यायची नाही असा दंडक होता.

तोवर ही मोजक्या, श्रीमंत यंत्रांची डोकेदुखी होती. 1980 च्या दशकात स्वस्तातला सीमॉस जलद झाला आणि ती घरोघर पोचली. आठ आउटपुट एकदम खाली आले की चिपचं स्वतःचं ग्राउंडच उसळतं, हे लोकांना तेव्हा नव्याने कळलं. हा आकडा काढायला सोपा आहे. जुन्या डिप पॅकेजच्या कोपऱ्यातल्या ग्राउंडच्या पायाचं इंडक्टन्स 8 नॅनोहेन्री धरा. आठ आउटपुटांचा मिळून 160 मिलिअँपिअर करंट 2 नॅनोसेकंदांत बदलला तर 0.64 व्होल्ट! टीटीएलच्या इनपुटला शून्याची मर्यादाच 0.8 व्होल्ट असते. काही कंपन्यांनी मग पॉवर आणि ग्राउंडचे पाय कोपऱ्यांतून काढून मध्यभागी आणले, काहींनी जुनी मांडणी सोडली नाही, आणि त्यावरून जाहिरातींतून चांगलीच जुंपली.

या पार्श्वभूमीवर 1993 मध्ये हॉवर्ड जॉन्सन आणि बर्कलीचे प्राध्यापक मार्टिन ग्रॅहम यांचं हाय-स्पीड डिजिटल डिझाइनवरचं पुस्तक आलं. उपशीर्षकात त्यांनी हे काळ्या जादूचं हँडबुक असल्याचं म्हटलं होतं. खट्याळपणाच आहे तो, कारण आत जादू औषधाला नाही. आहे ती अंकगणिताची चिकाटी. त्याआधी 1976 मध्ये हेन्री ऑट यांचं नॉइज कमी करण्याच्या तंत्रांवरचं पुस्तक आलेलं होतं. 2000 पासून स्टीफन हॉल आणि सहकाऱ्यांचं, एरिक बोगाटिन यांचं, जॉन्सन-ग्रॅहम जोडीचंच दुसरं, अशी रांग लागली. कपाट भरेल इतकी पुस्तकं आज आहेत. माझी शिफारस विचाराल तर सुरुवात 1993 च्या पुस्तकाने करा, आणि अडलात की बोगाटिन उघडा. ऑट यांचं पुस्तक केबल आणि पेटी यांच्या भानगडी सुरू झाल्यावर वाचा. त्याआधी ते कंटाळवाणं वाटेल, आणि त्यात त्या पुस्तकाचा दोष नाही.

या सगळ्यांतून एकच गोष्ट शिकायची म्हटली तर मी परतीच्या करंटची निवडेन. डायग्राममध्ये ग्राउंडची तीन आडव्या रेघांची खूण काढली की आपण सुटलो असं वाटतं. करंट मात्र सुटत नाही. जितका गेला तितका त्याला चिपकडे परत यावंच लागतं. कमी फ्रिक्वेन्सीला तो सर्वांत कमी रोधाची वाट धरतो, म्हणजे ग्राउंड प्लेनमधून, बोर्डातल्या तांब्याच्या अखंड थरातून, ऐसपैस पसरून, जवळच्या वाटेने येतो. मेगाहर्ट्झच्या घरात गेलं की रोधाला किंमत उरत नाही. वाट ठरते इंडक्टन्सवर, आणि सर्वांत कमी इंडक्टन्सची वाट म्हणजे जाणाऱ्या ट्रॅकच्या बरोब्बर खाली. ट्रॅक वळला की प्लेनमधला करंटही वळतो. हे किती काटेकोर असतं? ट्रॅक आणि प्लेन यांच्यात 0.2 मिलिमीटर अंतर असेल तर परतीचा निम्मा करंट ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना 0.2 मिलिमीटरच्या आतच असतो, आणि 0.6 मिलिमीटरच्या आत जवळपास 80 टक्के. समोर तळहाताएवढा अखंड तांब्याचा पत्रा पडलेला असताना करंट त्यातली एक-सव्वा मिलिमीटरची पट्टी वापरतो.

एवढं एकदा अंगी मुरलं की बोर्डाकडे बघायची नजर बदलते. दोन ट्रॅक एकमेकांच्या जवळ आले की त्यांच्या परतीच्या पट्ट्या एकमेकींवर चढणार, म्हणजे क्रॉसटॉक. त्यामुळे प्लेन जवळ आणलं तर ट्रॅकमधलं अंतर न वाढवताही क्रॉसटॉक कमी होतो. प्लेनमध्ये चीर पडली आणि वरून ट्रॅक आडवा गेला, तर परतीच्या करंटला चिरेला वळसा घालावा लागणार. वळसा अडीच सेंटीमीटरचा असेल तर वीसेक नॅनोहेन्री इंडक्टन्स फुकटात पदरी पडतं, 50 ओमच्या लाइनवरची कड अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास बोथट होते, आणि त्याच चिरेवरून जाणारे बाकीचे ट्रॅक एकमेकांच्या कानाला लागतात. अशा चिरा कोणी मुद्दाम पाडत नाही. कनेक्टरच्या पायांची भोकं जवळजवळ असतात, त्यांच्याभोवतीची मोकळी जागा एकमेकींना मिळते आणि चीर आपोआप तयार होते. लेआउटचं सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्लेन जोडलेलं आहे. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करण्यासाठी प्लेनच मधोमध कापायचा सल्ला पुष्कळ अ‍ॅप्लिकेशन नोट्स देत आल्या आहेत. ऑट यांच्यासारखे लोक अखंड प्लेन ठेवा आणि भाग नीट मांडा असं सांगत राहिले. परतीची पट्टी कुठे असते हे ज्याला कळलं, त्याला या वादात कोणाची बाजू घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची, त्यात डीकपलिंगवर मी दोन प्रकरणं खर्ची घातली आहेत, म्हणून इथे थोडक्यात. पोळ्या लाटणाऱ्या बाईला पिठाचा डबा ओट्यावर लागतो, माळ्यावरचं पोतं तिच्या कामाचं नाही. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपपाशी ठेवतात तो याचसाठी. पण तो जोडायला वापरलेल्या तांब्याचं इंडक्टन्स 1 नॅनोहेन्री जरी धरलं तरी 16 मेगाहर्ट्झच्या आसपास त्याचं कपॅसिटरपण संपतं आणि पुढे तो इंडक्टर म्हणून वागतो. प्रत्येक पायाला एक 0.1 हा नियम डोळे मिटून पाळणाऱ्यांनी हा भागाकार एकदा तरी करून पाहावा.

मोजमापाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण नवशिक्याची सर्वांत मोठी फसवणूक स्कोपच करतो. नेहमीचा दहा-पट प्रोब घ्या. त्याला काळी, मगरीच्या जबड्याची चिमटीवाली ग्राउंडची वायर असते, हातभर नाही पण वीतभराला थोडी कमी. तिच्या लूपचं इंडक्टन्स 100 नॅनोहेन्री आणि प्रोबच्या टोकाचं कपॅसिटन्स 10 पिकोफॅरड धरलं, तर दोघांचा मिळून 159 मेगाहर्ट्झला घुमणारा एक झोकदार रेझोनन्स तयार होतो. 1 नॅनोसेकंदाची कड आली की हा झोपाळा हलणारच. पडद्यावर जे रिंगिंग दिसतं ते बोर्डावरचं किती आणि काळ्या वायरचं किती, हे सांगता येत नाही. लोक मात्र ते घालवायला बोर्डावर रेझिस्टर बदलत बसतात.

जॉन्सन-ग्रॅहम यांच्या पुस्तकातला यावरचा उतारा मला सर्वांत आवडतो, कारण तो हाताने करून बघता येतो. 50 ओमची बारीक कोअॅक्स केबल घ्या. तिच्या एका टोकाला बीएनसी असू द्या. दुसरं टोक सोला, आणि मधल्या तारेला 1 किलो-ओमचा साधा पाव वॅटचा रेझिस्टर, पाय अगदी तोकडे कापून, सोल्डर करा. केबलची जाळी बोर्डाच्या ग्राउंडला, मोजायच्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, थेट सोल्डर करा. रेझिस्टरचं मोकळं टोक सिग्नलला. स्कोपचं इनपुट 50 ओमवर. तशी सोय नसेल तर टी आणि 50 ओमचा टर्मिनेटर लावा. झाला प्रोब तयार. 1000 आणि 50 मिळून 1050, त्यातल्या 50 वरचा व्होल्टेज दिसतो, म्हणजे एकवीसला एक. 3.3 व्होल्टचा सिग्नल पडद्यावर 157 मिलिव्होल्ट दिसेल. सिग्नलवर 1050 ओमचा बोजा पडतो, पण चिप 10 ओमची असेल तर तिला तो जाणवणारही नाही. आणि टोकाचं कपॅसिटन्स रेझिस्टरच्या अंगचं तेवढंच, दहा-पट प्रोबच्या तुलनेत नगण्य. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत हे सगळं सामान मिळतं, आणि महागड्या अ‍ॅक्टिव्ह प्रोबच्या किमतीशी तुलना केली तर फुकटच म्हणायचं. एकच सिग्नल आधी काळ्या वायरीने आणि मग या प्रोबने बघा. त्यानंतर काळी वायर तुम्ही क्लॉकजवळ नेणार नाही.

हँडबुकांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. 1993 च्या पुस्तकातली उदाहरणं डिप पॅकेजची, टीटीएलची आणि ईसीएलची आहेत. आज सेकंदाला 8 किंवा 16 अब्ज बिट नेणाऱ्या लाइनी साध्या पीसीत असतात. तिथे मुख्य लढाई परावर्तनाशी न राहता क्षयाशी होते. तांब्यात करंट कातडीपुरताच वाहतो: 1 मेगाहर्ट्झला 66 मायक्रॉन, 1 गिगाहर्ट्झला जेमतेम 2. या कातडीमुळे होणारा क्षय फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाने वाढतो, आणि ग्लास एपॉक्सी शोषून घेते तो फ्रिक्वेन्सीच्याच प्रमाणात; त्यामुळे एका टप्प्यानंतर बोर्डाचं मटेरियलच आड येतं. एपॉक्सीतल्या काचेच्या विणकामाचे धागे कुठून जातात यानेही डिफरेन्शियल जोडीतल्या दोन ट्रॅकांचे वेग वेगळे पडतात. यातलं बरंच त्या लेखकद्वयाच्या 2003 च्या दुसऱ्या पुस्तकात आहे. पहिलं मात्र जुनं झालेलं नाही; त्यातल्या चिप्स जुन्या झाल्या आहेत.

दुसरी अडचण वाचणाऱ्यांची. नियम तेवढे उचलायचे आणि त्यामागचा आकडा सोडून द्यायचा, ही आपली खोड. काटकोनात ट्रॅक वळवू नका, हा असाच एक नियम. पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो. हिशेब केला तर नेहमीच्या रुंदीच्या ट्रॅकच्या कोपऱ्यात इतकं किरकोळ कपॅसिटन्स वाढतं की 1 नॅनोसेकंदाच्या कडेला त्याचा पत्ताही लागत नाही. ट्रॅक एका थरावरून दुसऱ्यावर नेणारा व्हाया त्याहून कितीतरी मोठा गुन्हेगार असतो. कोपरे गोल करण्यात दुपार घालवणारा माणूस व्हायाशेजारी ग्राउंडचा व्हाया द्यायला विसरतो. हँडबुकातल्या नियमाआधीच्या परिच्छेदात एक अट लिहिलेली असते. मी विद्यार्थ्यांना नियम खोडून अट अधोरेखित करायला सांगतो. ग्रंथपाल मंडळींनी क्षमा करावी.

सिम्युलेशन आहे की, मग हा पाढेपाठांतराचा खटाटोप कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. स्पाइस 1970 च्या दशकापासून आहे. 1993 पासून इंटेलच्या पुढाकाराने चिपच्या आउटपुटचं आयबिस मॉडेलही मिळतं. मीही ती वापरतो. पण सिम्युलेटर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. चिरेवरून जाणारा ट्रॅक तुम्ही अखंड प्लेनवरचा म्हणून भरलात तर तो सुरेख, गुळगुळीत आणि खोटा आलेख काढून देईल. आलेख येण्याआधी उत्तर साधारण किती यावं हे पाकिटाच्या मागे लिहून ठेवणारा माणूस या सापळ्यात सहसा अडकत नाही.

आपल्याकडे हे काम नवं नाही. पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 उभा केला तेव्हा ट्रान्सप्युटर चिप्स एकमेकींना सेकंदाला 20 दशलक्ष बिटांपर्यंत नेणाऱ्या लिंकांनी जोडायच्या होत्या. एकेक बोर्ड, एकेक केबल या हिशेबातून गेल्याशिवाय असं यंत्र चालत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिशांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि सुधारित यंत्रणेत 400 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा तिथे आकड्यांत बदलला जातो. म्हणजे सेकंदाला किमान 80 कोटी नमुने, तेही आकाशातून आलेल्या अतिक्षीण सिग्नलचे, आणि शेजारीच खडखडाट करणारी डिजिटल यंत्रणा. मराठी मुलुखात या विद्येचे जाणकार नाहीत असं नाही. त्यांच्या अनुभवाला मराठीत लिहून ठेवायची सवय लागलेली नाही, इतकंच.

त्यामुळे हे पुस्तक. ते इंग्रजी हँडबुकांची जागा घेण्यासाठी लिहिलेलं नाही. ती वाचायला बसलेल्याच्या शेजारी उघडं असावं म्हणून लिहिलं आहे. तंत्राचे शब्द मी वर्कशॉपमध्ये बोलतात तेच ठेवले आहेत. प्रत्येक प्रकरणात एक आकडा आधी हाताने काढायचा आहे, मग मोजायचा आहे, आणि दोन्हींत दुपटीहून जास्त फरक आला तर तो का आला हे शोधायचं आहे. पंचवीस-तीस टक्क्यांच्या फरकासाठी जीव आटवू नका. हातच्या हिशेबात तेवढं चालायचंच. टर्मिनेशनचं प्रकरण सर्वांत मोठं झालं आहे आणि केबलचं सर्वांत लहान, कारण केबलबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत.

पहिल्या प्रकरणाला स्कोपही लागत नाही. भंगारातला एखादा मदरबोर्ड, भिंग, पट्टी आणि पेन्सिल पुरे. प्रोसेसर आणि मेमरीच्या खाचांमध्ये काही ट्रॅक विनाकारण नागमोडी गेलेले दिसतील. त्यातला एक घ्या, प्रत्येक वळण धरून त्याची लांबी मोजा, शेजारच्या सरळ ट्रॅकची मोजा, आणि दोन्हींना 15 ने भागा.